‘द व्हाइट टायगर’: बलराम वर चढला की खाली उतरला?

रामबागकर: आपल्या इंदूरच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या वेळी अरविंद अडिगांची ही कादंबरी (२००८चं बुकर) आहे, म्हणून आधीच काडी टाकतो. तिचा नायक बलराम, एका श्रीमंत घराण्याचा ड्रायव्हर. त्याचं गाव लक्ष्मणगढ, मग धनबाद, गुडगाव, बंगळूर हा सगळ्यांना चढता क्रम वाटतो. शहरं सोडा, खोल्या बघा. धनबादला बलराम दोन नंबरचा ड्रायव्हर. एक नंबरच्या रामपर्सादला पलंग, याला जमीन. रामपर्साद धर्म लपवून राहतोय हे हेरून त्याला घालवतो आणि होंडा सिटीची किल्ली मिळवतो. ही बढती त्याला नेते कुठे? गुडगावच्या टॉवरच्या तळघरात. मालक वर फ्लॅटमध्ये, नोकर खाली झुरळांत. हुद्दा वाढला आणि माणूस जमिनीखाली गेला.

एलआयजीवाला: तळघर दिसलं की समीक्षकांना उकळ्या फुटतात! अहो, पैसा कुठून आला ते बघा. मालकाच्या लाचेच्या लाल बॅगेतले सात लाख, तेही मालकाचा खून करून. बंगळूरला टॅक्सीचा धंदा काढून दीडशे चौरस फुटांच्या ऑफिसात झुंबर लागलं ते त्यानंतर. खोल्यांवरून वर्ग ठरवणं म्हणजे वरात बघून हुंड्याचा आकडा सांगणं.

राजेंद्रनगरी: तुम्ही दोघंही इमारतीतच अडकलात. या कादंबरीतली खरी जागा म्हणजे गाडी. मालक मागे, नोकर पुढे, अंतर हातभर, एसी एकच, मध्ये आरसा. मागच्या सीटवर लाचेचं, मंत्र्यांचं बोलणं चालतं आणि बलरामचं धंद्याचं शिक्षण फुकटात होतं. दुसरी शाळा मॉलबाहेर, ताटकळणाऱ्या ड्रायव्हरांच्या घोळक्यात. चपला घातलेल्या माणसाला मॉलच्या दारात अडवलेलं तो बघतो. पुढे टी-शर्ट आणि काळे बूट विकत घेऊन स्वतः आत जातो. तेव्हा कुठे होते सात लाख?

एलआयजीवाला: आत जाऊन घेतलं काय? फिरला आणि बाहेर आला. याला वर चढणं म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

रामबागकर: एक करून बघा. पुन्हा वाचताना वहीत चार रकाने आखा: जागा, आत जायचं दार, किल्ली कोणाकडे, बोलावतं कोण. गावच्या घरापासून बंगळूरपर्यंत सहा-सात ओळी होतील. गफलत होते ती किल्लीच्या रकान्यात. गाडीची किल्ली बलरामकडे म्हणून त्याला मोकळा धरतात, पण निघायची वेळ मालक ठरवतो. आणि नोटांची बॅग हातात असूनही नोकर पळत का नाही? नोकरांना खुराड्यातल्या कोंबड्यांची उपमा दिलेला भाग वाचा. तो पळाला तर त्याच्या मालकाचंच जमीनदार घराणं गावाकडच्या घरच्यांना जिवंत ठेवणार नाही. गुडगावच्या खोलीचं कुलूप लक्ष्मणगढात आहे. ते तोडायचं तर घरच्यांचा बळी द्यायची तयारी लागते, आणि बलरामची ती असते. म्हणून एलआयजीवाले, सात लाख नंतर येतात.

बायपासवाली: मला हा सगळा थरारपटाचा मामला वाटतो. विवेक शानभागांची ‘घाचर घोचर’ ही कन्नड लघुकादंबरी वाचा. जुन्या घरात एकामागे एक चार खोल्या, मुंग्यांचा उच्छाद, सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. काकाचा मसाल्याचा धंदा चालतो, दुमजली घर होतं आणि घरातली माणसं बिघडत जातात. रामबागेतल्या वाड्यातून बायपासच्या टाउनशिपमध्ये गेलेल्यांना हे जास्त पटेल. आपल्यात कोणी मालकाचा गळा चिरून फ्लॅट घेत नाही, भिया.

राजेंद्रनगरी: पटेल, कारण ते कुटुंब आधीपासून आपल्याच उंबऱ्यावर उभं आहे. बलरामसारख्या चहाच्या टपरीवर कोळसे फोडणाऱ्या पोराला कुठला काका मसाल्याचा कारखाना काढून देणार? बंगळूरचा शेवट नीट वाचा. आता बलरामच्या पदरी २६ गाड्या, १६ ड्रायव्हर. त्यातल्या एका गाडीखाली सायकलवरचा मुलगा जातो. दिल्लीत मालकीणबाईंनी एकाला उडवलं तेव्हा कबुलीजबाबावर सही बलरामची घेतली होती. इथे तो पोलिसांना सांभाळून घेतो, ड्रायव्हर सुटतो, आणि मग पैसे घेऊन मुलाच्या घरी जातो. रामबागकर, तुमच्या वहीत पोलीस ठाण्याचीही एक ओळ घाला.

एलआयजीवाला: घाला. आणि ‘बोलावतं कोण’च्या रकान्यात पैसा लिहा.