दोस्तराष्ट्रांत धाकट्याला विचारतो कोण?

गोदाकाठ, पंचवटी
ज्याची पोरं लढायला जातात, त्याला युद्धाचा बेत ठरवतानाही जागा हवी. दुसऱ्या महायुद्धातला ऑस्ट्रेलिया बघा. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, त्यांचे पंधरा हजारांच्या आसपास सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. आणि अमेरिका-ब्रिटनने ‘आधी जर्मनी, मग जपान’ असं ठरवून टाकलंय, हे त्यांचे परराष्ट्रमंत्री इव्हॅट यांना कळलं मे महिन्यात, स्वतः लंडनला गेल्यावर! याला दोस्ती म्हणायची?

देवळालीकर
जागा मिळाली होती की राव. एप्रिल १९४२ पासून वॉशिंग्टनला पॅसिफिक वॉर कौन्सिल भरायची, अध्यक्ष खुद्द रूझवेल्ट. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, सगळे हजर. ऐकायचं आणि उठायचं. खरे निर्णय घ्यायचे ब्रिटन-अमेरिकेचे सेनाप्रमुख. पंतप्रधान कर्टिनचं चाललं ते वेगळ्याच ठिकाणी. मायदेशी निघालेली त्यांची सातवी डिव्हिजन चर्चिलला ब्रह्मदेशात हवी होती, न विचारता जहाजं वळवलीही. कर्टिन हटला नाही, फौज परत आणली. रंगून ८ मार्चला पडलंच. तीच डिव्हिजन पुढे न्यू गिनीत कोकोडाला लढली. खुर्ची नको, नकाराचा हक्क हवा.

निफाडकर
तो हक्क आपल्याला कुठे होता? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने परस्पर हिंदुस्थान युद्धात उतरवला. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तरी फौज वाढत वाढत २५ लाखांवर गेली. खुर्चीचं म्हणाल तर १९१७ मध्ये बिकानेरचे महाराजा गंगासिंह लंडनच्या इम्पीरियल वॉर कॅबिनेटात बसलेच होते. बसवलं कोणी? सरकारनेच!

गोदाकाठ, पंचवटी
गंगासिंह आपले प्रतिनिधी नव्हतेच, ते उदाहरण बाद. आणि नकार द्यायला आधी बेत कळावा लागतो, तो खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही.

देवळालीकर
पानिपत घ्या मग (नाशिककरांच्या वादात ते येणारच). सूरजमल जाट भाऊसाहेबांच्या बैठकीत होता. जड सामान आणि बायकामुलं मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं त्याने सांगितलं. कोणी ऐकलं?

गोदाकाठ, पंचवटी
नाही ऐकलं, तो निघून गेला. पण नुकसान कोणाचं झालं? थोरल्याचंच ना! धाकट्याला विचारणं ही काही मेहरबानी नाही हो.

देवळालीकर
हे मान्य. पण मग कर्टिनने एप्रिल ४२ मध्ये पॅसिफिकमधली आपली फौज अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या हाताखाली का दिली, तेही सांगा.