'शाम्पू' हे क्रियापद: पायांना शाम्पू कसा काय?

रानवारा: कंपनीच्या काळातल्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात नोकर साहेबाचे पाय 'शाम्पू' करतो, असं वाक्य आहे. म्हणजे धुतो का? हा शब्द चाफ्याच्या तेलावरून आला असंही वाचलं. आणि आज हे क्रियापद कशाकशाला चालतं?

टाकदौत: धुत नाही, चेपतो. इंग्रजीत हे क्रियापद १७६२ पासून सापडतं आणि पुढे सुमारे शंभर वर्षं त्याचा अर्थ अंग रगडणं, चेपणं हाच होता. मूळ हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणं. चाफा इथे आणायची गरज नाही.

खरी गंमत शेवटच्या 'ऊ'त आहे. 'चाँपना'त तो नाहीच. तो आला आज्ञार्थातून: 'चाँपो!' साहेबाच्या तोंडी हिंदी क्रियापद यायचं ते बहुधा हुकूम म्हणून, मग तेच रूप इंग्रजीत रुजलं. 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) हा कोश 'बनाओ', 'पकडाओ' यांवरून झालेल्या साहेबी क्रियापदांचे दाखलेही इथेच देतो.

पागोळी: पाय चेपण्यापासून केस धुण्यापर्यंतच्या प्रवासात पाटण्याचे शेख दीन महोमेद (१७५९–१८५१) यांना विसरू नका. इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्यांचं बाष्पस्नानगृह होतं. गिऱ्हाईक औषधी वाफेत फ्लॅनेलच्या तंबूत बसायचं. तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यांतून हात घालून बाहेरचा माणूस अंग रगडायचा. याला ते 'शाम्पूइंग' म्हणत, त्यावर त्यांनी १८२२ मध्ये पुस्तकही लिहिलं. केस चोळून धुणे हा अर्थ १८६०च्या सुमाराचा, आणि बाटलीतल्या द्रवाला ते नाव त्याहूनही नंतर मिळालं. म्हणजे आधी क्रियापद, मग नाम.

टाकदौत: आता वापर. क्रियापद सकर्मक आहे: केस, कुत्रा, गालिचा, सोफा, सगळं चालतं. 'आय शाम्पूड माय हेअर' म्हणा. 'हेअर्स' नको, डोक्यावरचे सगळे केस इंग्रजीत एकवचनीच. 'आय डिड शाम्पू' हे आपल्या 'शाम्पू केला'चं शब्दशः रूप, ते टाळा. भूतकाळ लिहिताना दोन्ही 'ओ' ठेवून पुढे 'ईडी' लावायचं. एक 'ओ' गाळण्याची चूक फार होते. 'टॅटू'चंही अगदी तसंच.