वृद्धाश्रमातून वाण्याकडे जायला भाच्याची परवानगी कशाला?

शुभदा
माझी मावशी 78 वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका, पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. पेन्शन तिची, महिन्याचे पैसे तीच भरते. तरी कोपऱ्यावरून बिस्किटाचा पुडा आणायचा तर वॉचमन आधी बंगळुरात माझ्या भावाला फोन लावतो. त्याने उचलला नाही तर "आजी, आत चला." अंघोळ पहाटे साडेपाचला, कारण सातला पाळी बदलते. खोलीला आतून कडी नाही.

ज्येष्ठांसाठीच्या 2007च्या कायद्यात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाबद्दल वैद्यकीय सेवा आणि करमणूक यांचा उल्लेख आहे. माणसाच्या मर्जीचं काय? ज्याची समज शाबूत आहे, त्याच्या जाण्यायेण्यावर नातेवाइकांची सही चालताच कामा नये.

व्यवस्थापक, नाशिक
शुभदाताई, आमच्याकडचे एक काका दूध आणायला गेले, दुचाकीचा धक्का लागला, खुबा मोडला. मुलाने आम्हाला काही विचारायच्या आधी पोलिसात तक्रार दिली. त्या वयात खुबा मोडलेली कितीतरी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत. कडीचं म्हणाल तर बाथरूममध्ये पडलेल्या एका आजींसाठी दार फोडावं लागलं होतं. जबाबदारी आमच्या गळ्यात आणि मर्जी त्यांची, हे कसं जमायचं?

शुभदा
बाहेरून किल्लीने उघडता येणारी कुलपं मिळतात, दार फोडावं लागत नाही. आणि दिवसभर बसवून ठेवलं की पायातलं बळ जातं, मग माणूस खोलीतच पडतो. इंग्लंडच्या 2005च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही.

रात्रपाळी
मी अशा ठिकाणी काम करते. रात्री 22 जणांमागे आम्ही दोघी. काठी घेऊन संडासला जाणाऱ्या आजींनाही डायपर लावायला सांगतात, कारण धरून न्यायचं तर पंधरा मिनिटं जातात. त्या हात धरून म्हणतात, "बाई, मला येतंय गं, फक्त उठव." काही आठवड्यांत त्यांची सवय मोडते आणि वहीत "कंट्रोल नाही" असं चढतं. मला ते लिहिताना लाज वाटते. पण इंग्लंडचे कायदे सांगण्याआधी तिसरी बाई ठेवायला सांगा. फी वाढेल, ती द्याल का?

मिलिंद
माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे. दुपारी पेपर वाचून दाखवतात, संध्याकाळी ऑफिसला जायचं म्हणून फाटकाशी उभे राहतात. दुपारी भेटलात तर तुम्हीही म्हणाल, समज शाबूत आहे! ते बंद फाटक आहे म्हणून मला झोप लागते. शुभदाताई, तुमचा नियम माझ्या घराला लागू करू नका.

अनुराधा
एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला होता, तो 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, हवं ते रोप निवडा, निगा तुम्हीच राखा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा तेही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी राहिली. या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

शुभदा
मिलिंद, तुमच्या वडिलांना एकटं सोडा असं मी म्हणत नाही. पण आज भात की पोळी, कुठला शर्ट, हे त्यांना कळत असेल तर तेवढं त्यांनाच विचारावं. एक निर्णय झेपत नाही म्हणून सगळेच काढून घेऊ नयेत. आणि रात्रपाळीताई, फी वाढवून तिसरी बाई येणार असेल तर मावशी देईल. मी विचारलंय तिला.

व्यवस्थापक, नाशिक
अंघोळीची वेळ सकाळी आणि संध्याकाळी, अशी वाटून देता येईल. त्यावर बैठक घेतो. फाटकाबद्दल माझं मत तेच आहे. फार तर रहिवाशाने जोखीम लिहून द्यावी आणि खाली मुलांनी सही करावी.

शुभदा
याच आठवड्यात मावशीच्या वृद्धाश्रमाला तसं पत्र देतोय, सोबत तिच्या डॉक्टरांचा दाखला. सही फक्त तिची असेल. भावाला सांगितलंय, तो तयार आहे.