बंद बॉक्साइट खाणीच्या वाटेचा ट्रॅक टाकावा का?

सडाफटिंग
शाहूवाडी तालुक्यात एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, बंद पडलेली बॉक्साइटची खाण आहे. पायथ्याच्या वाडीतून गुरांच्या वाटेनं राईत शिरायचं, वर ट्रकचा जुना रस्ता लागतो. आता त्यात करवंदीच्या जाळ्या माजल्यात. पन्हाळा-पावनखिंड वाटेवर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ह्या वाटेचा जीपीएस ट्रॅक, म्हणजे मोबाइलवर बघत चालता येईल अशी वाटेची नोंद, सगळ्यांसाठी टाकतोय. कुणाची हरकत?

करवंदीची जाळी
माझी आहे. खाण म्हटलं की लोकांना बोगदा वाटतो. बॉक्साइट सड्याच्या माथ्यावरच, जांभ्याच्या थरात असतं. वरून उकरून काढतात. मागं उरतात तासलेल्या कडांचे खड्डे. पावसात भरले की पाणी हिरवंगार दिसतं, रील करणारे काठावर जाणारच. तिथं उतार नाही, पहिल्याच पावलाला खोल. वर यायला धरणार काय? ओला जांभा हातात भुगा होऊन येतो.

तांबडापांढरा
कोल्हापूरचा रंकाळा तलावसुद्धा मूळचा दगडाची खाणच म्हणतात की. तिथं जायचं बंद करूया काय?

करवंदीची जाळी
भावा, रंकाळ्याला घाट आहे. आरडलं तर माणसं धावतात. सड्यावर सप्टेंबरच्या धुक्यात कोण ऐकणार, गवा?

दवबिंदू
फुलांचाही विचार करा. सड्यावर माती बोटभर. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू त्यातच उगवतात. कासला गर्दी आवरायला शेवटी कुंपण घालावं लागलं.

तांबडापांढरा
अख्खा सडा यंत्रांनी खरवडला तेव्हा फुलं नव्हती का? ट्रेकरच्या बुटालाच तेवढा पाप-पुण्याचा हिशोब!

दवबिंदू
खरवडून जे उरलं ते खड्ड्यांच्या काठानं उरलंय, आणि वाट तिथूनच जाते. म्हणून बोलले.

जांभा
खाण सोडताना उघड्या कडेला कुंपण घालायची जबाबदारी १९६१ च्या खाण नियमावलीनं मालकावर टाकलीय. आमच्याकडच्या एका खाणीला नुसते खांब राहिलेत, तार भंगारात गेली. आधी त्याचा पाठपुरावा करा, ट्रॅक कुठं पळून जात नाही.

वाडीकर
माझं घर अशाच एका खाणीच्या पायथ्याला. खाण चालू होती तेव्हा भाताच्या रोपावर तांबडी धूळ बसायची, पण पोरांना काम होतं. आता पोरं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. तुम्ही म्हणाल पर्यटनानं गाव सुधारेल. अहो, पोहे तुम्ही घरनं बांधून आणता, पाणी बाटलीत! एक वाटाड्याची रोजी मिळते, तीही फुकटच्या ट्रॅकनं जाणार. आणि कोण हरवलं की रात्री बॅटऱ्या घेऊन आम्हीच हुडकायचं.

सडाफटिंग
दादा, हे पटलं. मग ट्रॅक वाडीपर्यंतच टाकतो. पुढं गावातला माणूस घेऊनच जायचं, असं लिहितो.

तांबडापांढरा
झालं! म्हणजे डोंगरालाही आता तिकीट. मी तरी पुरा ट्रॅक मागणार.

वाडीकर
मागा की. पण शनिवारी गुरं वर असतात, कुत्री सोडलेली असतात, एवढं ध्यानात ठेवा.