मदत हवी आहे : दादाच्या नैराश्यात समुपदेशनाने नेमके काय साधते?

आम्ही इंदूरचे, आजोबांपासून रामबागेत राहतो. माझा थोरला भाऊ ४९ वर्षांचा असून त्याचा छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो हळूहळू बोलेनासा झाला. सुरुवातीला आम्हाला वाटले की एका मोठ्या कामाचे पैसे अडकले आहेत, त्याचीच ही काळजी असेल. पण पुढे तो पहाटे साडेतीनला जागा होऊन अंधारात बसून राहू लागला. सकाळी सर्वांत खचलेला असे, संध्याकाळी थोडा सावरलेला दिसे. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरले. गणेशोत्सवात दरवर्षी मंडळाचे नाटक बसवणारा हा माणूस यंदा आरतीलासुद्धा खाली उतरला नाही.

घरच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासून घेतले. त्यात काही निघाले नाही. मग मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या सुरू केल्या, त्याला आता दहा आठवडे झाले. झोप आणि भूक परतली आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मात्र 'माझ्यामुळे घर बुडाले' हे वाक्य काही त्याला सोडत नाही. आता गोळ्यांच्या जोडीला समुपदेशन घ्या, असे डॉक्टर म्हणतात.

आमचे घोडे इथेच अडले आहे. आई म्हणते, "बोलून का दुखणे बरे होते? आणि बोलायचेच असेल तर आम्ही काय मेलो आहोत का?" काका त्याला मन घट्ट करायला सांगतात. दादा स्वतः एकदा एका ठिकाणी जाऊन आला. तिथे वीस मिनिटांत त्याला सकारात्मक विचार करण्याचा सल्ला मिळाला आणि गोळ्या हळूहळू सोडून देण्याचाही. तेव्हापासून परक्यापुढे घरचे काढायला तो तयार नाही. शिवाय भाषेची अडचण आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी तो उत्तम हिंदी बोलतो, पण नैराश्यासाठीचा 'अवसाद' हा हिंदी शब्द ऐकला की कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल बोलणे चालले आहे असे त्याला वाटते.

आम्ही घरी बोलतो त्याहून समुपदेशनात वेगळे काय होते? माणूस योग्य आहे हे कसे ओळखावे? आणि मराठीतूनच बोलण्याचा आग्रह धरावा का? ज्यांनी हे अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : बडोद्याहून, स्वतःच्या अनुभवातून

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही जसाच्या तसा विचारला होता. तीन वर्षांपूर्वी मी या दुखण्यातून गेले. घरचे बोलत तेव्हा त्यांच्या डोळ्यांतली भीती मला दिसायची, म्हणून मी "बरी आहे" म्हणून मोकळी व्हायचे. समुपदेशक बाईंसमोर मला कुणालाच सांभाळायचे नव्हते, आणि ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी मी पाऊण तास नुसती रडले.

पण खरे काम रडण्याच्या पुढे होते. पहिल्या दोन भेटींत त्यांनी सल्ला म्हणून काहीच दिला नाही. एक वही दिली आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला मी काय केले, त्यातून किती बरे वाटले, याला दहापैकी गुण लिहायला सांगितले. आठवड्याने वही उघडली तेव्हा दिसले की दुपारी बिछान्यात काढलेल्या तासांना शून्य किंवा एक होता आणि कोथिंबीर निवडत शेजारणीशी बोलले त्या अर्ध्या तासाला चार. त्यावरून पुढचा आठवडा आखला. पहिले काम काय होते, तर संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरून सुरसागर तलावापर्यंत चालत जायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि परत यायचे. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, कारण या आजारात इच्छाच आधी जाते. कृती आधी करायची, मग इच्छा मागून येते. हे ऐकायला सोपे वाटते, पण तीन दिवस मी जिन्यावरून परत फिरले होते. त्याबद्दल त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ते काम अर्धे केले : फक्त कोपऱ्यापर्यंत.

दादांच्या त्या वाक्यावरही असेच काम होईल. 'माझ्यामुळे घर बुडाले' याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, हेच एखाद्या मित्राच्या बाबतीत घडले असते तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, हे सगळे कागदावर मांडतात. "असा विचार करू नकोस" असे कुणी म्हणत नाही. तो विचार हातात धरून त्याची तपासणी करतात.

प्रतिसाद : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणारी मानसतज्ज्ञ) म्हणून

वर बडोद्याच्या ताईंनी वर्णन केलेल्या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धती मांडल्या. एलिस यांची पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावाने रुजवली. त्यामुळे ही भाषा मराठी माणसाला परकी नाही. अलीकडच्या काळातला दाखला द्यायचा, तर गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेलेला अभ्यास पाहावा. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना कृतीवर भर देणाऱ्या सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी हे रुग्ण केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारलेले आढळले.

गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, हे मी ठामपणे सांगते. औषधाचा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा असतो, आणि बरे वाटू लागल्यावरही ते साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. इतर समुपदेशकांना त्यांची पदवी, नैराश्याच्या रुग्णांबरोबरचा अनुभव आणि ते कोणती पद्धत वापरतात, हे विचारावे. चांगला समुपदेशक पहिल्या एक-दोन भेटींत उद्दिष्ट ठरवतो, तुमच्या डॉक्टरांशी संपर्कात राहण्याची परवानगी मागतो आणि सुधारणा मोजतो. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात : मागच्या दोन आठवड्यांबद्दलची उत्तरे, गुण ० ते २७. सहा-आठ भेटींनंतर आकडा जागचा हललाच नसेल, तर पद्धत किंवा माणूस बदलण्याची चर्चा करावी.

'मी नसतो तर बरे झाले असते' असे दादांच्या मनात येते का, हे त्यांना शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. इंदुरात बाणगंगेचे शासकीय मानसिक रुग्णालय आहेच.

भाषेबद्दल विचाराल तर हट्ट जरूर धरावा. अपराधाची भावना माणूस ज्या भाषेत लहानपणी ओरडा खातो त्या भाषेत बोलते. इंदुरात मराठी बोलणारा समुपदेशक न मिळाल्यास पुण्या-ठाण्याच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवर भेटी घेता येतात. फक्त अडीनडीला धावून येणारे डॉक्टर गावातलेच हवेत. घरच्यांनी सुरुवातीच्या एखाद्या भेटीला जावे, बाकी वेळ खोलीबाहेर राहावे आणि आत काय झाले हे विचारू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघींचे मनापासून आभार. काल रात्री गच्चीवर मी दादाला तो प्रश्न विचारला. बराच वेळ तो बोलला नाही, मग म्हणाला की पावसाळ्यात तसे वाटत होते, आता वाटत नाही. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सांगितले. त्यांनी परवा बोलावले आहे. सुरसागराचा मजकूर मी त्याला वाचून दाखवला. "कोपऱ्यापर्यंत जमेल," एवढेच तो म्हणाला. मराठीतून व्हिडिओवर एक भेट घ्यायला तयार झाला आहे. आईला मी सांगितले की ती मेली नाही म्हणूनच दादा तिच्यापुढे खरे बोलू शकत नाही. ती गप्प झाली, पण रागावली नाही.

एक प्रश्न अजून उरला आहे. माझी भाची अकरा वर्षांची आहे. परवा तिने वहिनीला विचारले, "बाबा माझ्यावर रागावले आहेत का?" वहिनीला उत्तर सुचले नाही. या वयाच्या मुलीला, तिला भीती न वाटता, कोणत्या शब्दांत सांगावे?