फुप्फुसांच्या सोनोग्राफीत बी-लाइन (फुप्फुसात पाणी असल्यास दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) ओळखताना फसलो. फरक नेमका कुठे बघायचा?

प्रश्न:
मेडिसिनचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आहे. फुप्फुसांची सोनोग्राफी शिकायला लागून तीन आठवडे झाले. काल रात्री दम लागलेल्या एका आजोबांना तपासलं, उभ्या पांढऱ्या रेषा दिसल्या आणि 'फुप्फुसात पाणी' म्हणून मोकळा झालो. मॅडमनी पुन्हा पाहिलं तर त्या बी-लाइन नव्हत्याच. रात्रभर तेच डोक्यात आहे.

उत्तर १:
आधी दोन बरगड्यांच्या सावल्यांमधली प्ल्युराची (फुप्फुसावरच्या आवरणाची) रेषा शोध. खरी बी-लाइन तिथूनच निघते, न विरता स्क्रीनच्या तळापर्यंत जाते, श्वासाबरोबर सरकते आणि वाटेतल्या ए-लाइन (प्ल्युराच्या प्रतिध्वनीच्या आडव्या रेषा) पुसून टाकते. झेड-लाइन (बी-लाइनसारखी भासणारी, पण आजार न दाखवणारी उभी रेषा) थोडं खाली जाऊन विरते. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत ३ किंवा जास्त बी-लाइन, तेही दोन्ही बाजूंना अनेक जागी असतील, तरच पाण्याचा विचार कर. डेप्थ (स्क्रीनवर किती खोलवरचं दिसतं ते) किती होती? उथळ ठेवली की झेड-लाइनही तळाला टेकल्यासारखी दिसते. मीही यातच अडकले होते.

उत्तर २:
आणि बी-लाइन म्हणजे पाणीच असंही नाही. फायब्रोसिसमध्येही (फुप्फुस व्रणांमुळे कडक होतं तेव्हा) दिसतात, पण तिथे प्ल्युरा खडबडीत, तुटक असतो. हृदयही बघत जा.

प्रश्नकर्ता:
ताई, डेप्थ ६ सेंटीमीटर होती! आज आजोबांची परवानगी घेऊन १५ वर पुन्हा पाहिलं. रेषा अर्ध्यातच विरल्या, खाली ए-लाइन स्वच्छ दिसल्या.