मुंबईकर चालत नाहीत? कोण म्हणतं!

गिरणगावची_लेक:
कालपासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे मुंबईकर आळशी झालाय, स्टेशनाबाहेर पडला की शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, कामावर चालत जाणं संपलं. डोकं तापलं वाचून. एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगराचं नियोजन करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, 2008 च्या वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्या धरल्या तर निम्म्याहून जास्त फेऱ्या चालतच होत होत्या. आणि मे 2025 मध्ये बेस्ट बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, तेव्हापासून आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या मावशी प्रभादेवी स्टेशन ते वरळी नाका चालत येतात. जाऊन-येऊन रोजचे वीस, महिन्याचे पाचशे. एवढ्यात त्यांचा गॅस निम्मा सुटतो. त्यांना आळशी म्हणणार का?

विरार_फास्ट:
ताई, मावशी नाइलाजाने चालतात, त्याचा अभिमान कसला? गिरणीचा भोंगा झाला की लालबागच्या चाळीतला माणूस दहा मिनिटांत खात्यात हजर असायचा, कारण घर आणि काम शेजारी होतं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, टॉवर आले, आम्ही विरारला फेकले गेलो. दीड तास लटकत आल्यावर वांद्र्याहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांकडे) रिक्षा केली तर मी आळशी? पोस्टवाल्याचं चुकलंच, पण तुमचंही पटत नाही.

दादर_पश्चिम:
चालायला फूटपाथ आहे कुठे? 2017 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत. संध्याकाळी सातला दादरला उतरून बघा. आई माणसं चुकवायला कडेला सरकली, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पडली, मनगट मोडलं. आता एकटी बाहेर पडत नाही.

कोकणकन्या:
आईंचं वाईट वाटलं. पण पेव्हर ब्लॉक फेरीवाल्याने उखडला का? माझ्या वडिलांनी टोपली घेऊन बसून आम्हा तिघांना शिकवलं. फूटपाथवर चढवलेल्या बाइक, दुकानांनी पुढे काढलेल्या पायऱ्या, सोसायट्यांचे रॅम्प, यांवर कधी गाडी आलेली पाहिलीत? पालिकेची गाडी येते ती टोपली उचलायला. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा सांगतो की आधी जागा आखून द्या. ते केलं असतं तर वडील स्टेशनाच्या तोंडाशी बसलेच नसते.

दादर_पश्चिम:
वडिलांबद्दल आदर आहे. पण आज तिथे बसणारा प्रत्येक जण गरीब नाही. एकेकाच्या चार-चार जागा आहेत, रोजंदारीवर माणसं बसवलेली असतात. हप्ता कोण घेतं, तेही सगळ्यांना माहीत आहे.

कोकणकन्या:
मग हप्ता घेणाऱ्याला पकडा! तुमच्या घरात भाजी कुठून येते ते आधी सांगा.

दादर_पश्चिम:
मंडईतून. आणि माझ्या घरापर्यंत जायचं कारण नाही.

गिरणगावची_लेक:
दोघंही थांबा जरा, धागा फेरीवाल्यांचा नाही. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर 23 माणसं चेंगरून गेली. ती सगळी चालणारी माणसं होती. 14 मार्च 2019 ला सीएसएमटीचा हिमालय पूल कोसळला, तेव्हाही वर चालणारेच होते. वांद्र्याचा स्कायवॉक, म्हणजे स्टेशनबाहेरचा चालणाऱ्यांचा लांब पूल, 2008 चा, 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद, पुढे पाडला. विरारवाले, तुम्ही रिक्षा करता ती त्यामुळेच ना? कोस्टल रोडला हजारो कोटी मिळाले, त्यावरून मावशी जाणार आहेत का?

विरार_फास्ट:
स्कायवॉक होता तेव्हा कलानगरपर्यंत मी चालतच जायचो, हे मान्य करावं लागेल. खाली गाड्यांमधून वाट काढण्यापेक्षा रिक्षा बरी वाटायला लागली, ती तेव्हापासून. तरी नाइलाजाने चालणाऱ्यांना आकडेवारीत धरून मुंबई चालते म्हणणं मला पटणार नाही. मावशींना दहा रुपये परवडले असते तर त्या बसने आल्या असत्या.

गिरणगावची_लेक:
आल्या असत्या, खरं आहे. म्हणून तर म्हणते, भाडं पुन्हा पाच करा आणि फूटपाथही द्या.

दादर_पश्चिम:
आणि पेव्हर ब्लॉकची जबाबदारी कोणाची? अजून कोणी बोललेलं नाही.